मोकळे मन आणि नेमाचे काम

(देऊळघाट येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासमोर दिलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मला ‘चांगल्या सवयी’ हा विषय सुचवण्यात आला. ह्या विषयावर तुम्ही आजवर पुष्कळ ऐकले असेल. लवकर उठावे, अभ्यास वेळेवर करावा, आजचे काम उद्यावर टाकू नये, हे सांगण्यासाठी बाहेरून वक्ता बोलावण्याची गरज नाही. घरोघरी अम्मी आणि दादी हे काम रोज करीत असतात आणि तेही बिनमोबदला! म्हणून मी विषयाला थोडी मर्यादा घालून घेतो. जो विद्यार्थी मुळातच शिस्तीचा आहे, ज्याची वही कव्हर घातलेली आणि पेन्सिल टोक केलेली असते, त्याच्याविषयी आज मी बोलणार नाही. तो आपला मार्ग आपण काढील.

मला बोलायचे आहे ते वहीच्या शेवटच्या पानावर चित्रे काढीत बसणाऱ्या मुलाविषयी. उर्दूत आणि मराठीत सारख्याच सहजतेने ओळीला ओळ जुळवणाऱ्या मुलीविषयी. स्नेहसंमेलनाचे नाटक दोन रात्रींत लिहून काढणाऱ्या, आणि तिसऱ्या दिवशी शाळेलाच दांडी मारणाऱ्या विद्यार्थ्याविषयी. ह्या मुलांना आपण ‘लहरी’ म्हणतो. शिक्षक म्हणतात, “डोके आहे, पण बैठक नाही.” वडील म्हणतात, “ह्याचे काही खरे नाही.” हळूहळू त्या मुलालाही वाटू लागते की, आपले काही खरे नाही. दहावी होते, बारावी होते, पोटापाण्याचा उद्योग मागे लागतो आणि शेवटच्या पानावरची चित्रे बंद पडतात. कोणी त्याला मनाई केलेली नसते. नुसती बंद पडतात. आपल्या गावागावांतून असे किती हुनर दर वर्षी न फुलताच सुकून जातात, याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

ह्या मुलांची मनापासून एक तक्रार असते. ती आपण आधी ऐकून घेतली पाहिजे. ती म्हणतात, “वेळापत्रकाने कविता होत नाही. घंटा झाली म्हणून चित्र सुचत नाही. आम्हांला बांधाल तर जे आहे तेही जाईल.” ही तक्रार अगदीच खोटी नाही. सुचणे हुकमी नसते, हे कोणताही कलावंत सांगेल. परंतु एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सुचणे हुकमी नसले, तरी बसणे हुकमी असू शकते. काय लिहावे, काय काढावे, काय गावे, हे नेमाने ठरत नाही. केव्हा बसावे आणि कुठे बसावे, एवढेच नेमाने ठरते. वेळ आणि जागा बांधून घ्या, आतला मजकूर मोकळा ठेवा, हे माझ्या सगळ्या भाषणाचे सार आहे. बाकीचे सारे त्याचे स्पष्टीकरण समजा.

ही कल्पना माझी नाही. आपल्या गायकांनी ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव तुमच्या कानावर असेल. १८७२ साली उत्तरेत किराना येथे जन्मलेला हा गवई महाराष्ट्रात आला, १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले, आणि पुढे मिरज हेच त्यांचे गाव झाले. १९३७ साली त्यांचा अंत झाला. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य आणि पंडित भीमसेन जोशी हे सवाई गंधर्वांचे शिष्य. म्हणजे एका खाँसाहेबांच्या तालमीचा ओघ कुठवर पोचला पाहा.

खाँसाहेब गात असत तो ख्याल. ‘ख्याल’ ह्या शब्दाचा अर्थच मुळी विचार, कल्पना असा आहे. गाणाऱ्याने मनातील कल्पना तिथल्या तिथे फुलवायची, कागदावरून वाचायची नाही. ह्याहून मोकळी कला कोणती सांगाल? पण ह्या मोकळेपणाच्या खाली काय असते? खाली ताल असतो. एकताल बारा मात्रांचा, तीनताल सोळा मात्रांचा. गायक हवा तिथे फिरून येवो, त्याला समेवर मात्र यावेच लागते. श्रोत्यांची मान डोलते ती त्याच क्षणी. तालामुळे गायकाचे पंख कापले गेले, असे आजवर कोणी म्हटले नाही. उलट, परत कुठे यायचे हे पक्के ठाऊक असते, म्हणूनच तो लांब जाऊ शकतो. आणि एखादी सम हुकलीच तर? बैठक मोडत नाही. पुढचे आवर्तन असतेच. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

गाणे लांबचे वाटत असेल, तर आपल्या रोजच्या डोळ्यांसमोरची कला घ्या. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी खुशनविसीचा एखादा सुंदर नमुना भिंतीवर टांगलेला असेल. ती वळणे पाहून वाटते, लिहिणाऱ्याने एका झपाट्यात हात फिरवला असेल. वस्तुतः त्या अक्षरांमागे फार कडक हिशेब असतो. बगदादचा इब्न मुकला हा वजीर इसवी सन ९४० मध्ये मरण पावला. त्याने अक्षरांना माप घालून दिले. कलमाच्या टोकाने उठणारा एक नुक्ता हे मोजमाप, आणि इतक्या नुक्त्यांचा अलिफ, त्या मानाने बाकीची अक्षरे. शिकणाऱ्याने एकेक अक्षर पुनःपुन्हा गिरवायचे. ह्यालाच मश्क म्हणतात. अशी मश्क करून करून ज्याचा हात तयार झाला, त्याच्याच कलमातून पुढे ते झोकदार वळण निघते. अगोदर नुक्ते मोजणे, मग झोक. हा क्रम उलटा करता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे जुन्या काळचे उस्ताद झाले. आमच्यासारख्या मनमौजी माणसाचे उदाहरण सांगा. बरे, मकबूल फिदा हुसेन यांचे घेऊ. जन्म १९१५, गाव पंढरपूर. अनवाणी फिरणारा, मनात येईल तेव्हा मनात येईल तिकडे निघणारा असा हा चित्रकार. त्यांच्या काही चित्रांवरून पुढे मोठे वादही झाले आणि २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पण ह्या मोकळ्या माणसाची घडण कुठे झाली? मुंबईच्या रस्त्यांवर, सिनेमाचे प्रचंड फलक रंगवण्यात. चौरस फुटाच्या हिशेबाने मजुरी मिळे. सिनेमा शुक्रवारी लागणार असेल, तर फलक शुक्रवारच्या आत उभा राहिला पाहिजे. तिथे “आज मूड नाही” हे वाक्य चालत नव्हते. अशा कामात हात वेगाने, धीटपणे आणि मोठ्या मापात चालायला शिकतो. १९४७ मध्ये मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ते दाखल झाले, तेव्हा असा तयार हात त्यांच्यापाशी होता. दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या आपल्या मुलांनी हे विसरू नये. पोटासाठी केलेले कामही, मन लावून केले तर, रियाजच असतो.

मुंबईला गेलेच पाहिजे असेही नाही. आपण पैनगंगेच्या खोऱ्यात राहतो. हीच नदी पुढे मेहकरला जाते. त्या मेहकरात ना. घ. देशपांडे राहत असत. जन्म १९०९, मृत्यू २०००. व्यवसायाने वकील. तालुक्याच्या गावातली वकिली म्हणजे काय, हे येथील पालकांना सांगायला नको. पक्षकार, तारखा, वाटण्यांचे तंटे, बांधाची भांडणे. त्या धबडग्यात राहून ह्या माणसाने मराठी भावकवितेत आपले स्थान निर्माण केले. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५४ साली निघाला, तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. ‘खूणगाठी’ ह्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८६ चा, तेव्हा वय सत्त्याहत्तर! आपल्या जिल्ह्यातील, आपल्या नदीवरच्या गावातील हा कवी होय. कीर्ती यायला वेळ लागला, पण म्हणून कवितेची वाट सुटली नाही. अठराव्या वर्षी नाव झाले नाही म्हणून वही फेकून देणाऱ्याने ह्या दोन आकड्यांचा विचार करावा: पंचेचाळीस आणि सत्त्याहत्तर.

भगिनींनो, आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही मनात म्हणत असाल, “ह्या साऱ्यांना वेळ तरी होता. आम्हांला सकाळी पाणी, चहा, भाकरी, लहान भावंडे, मग शाळा, परत आल्यावर पुन्हा तेच. नेमाने बसायचे केव्हा?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेजारच्या जळगाव जिल्ह्यात सापडते. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली असोदे गावी झाला. अक्षरओळख नाही, ऐन तिशीत वैधव्य, शेताचे आणि घराचे काम संपता संपत नाही. त्यांनी गाण्यासाठी वेगळा वेळ मागितला नाही. जात्यावर बसणे, चूल पेटवणे, शेतात राबणे, ह्या कामांनाच त्यांनी आपली गाणी जोडून दिली. हात रोजचे काम करीत आणि मन आपले काम करी. जे काम रोज ठरल्या वेळी होणारच आहे, त्याच्या पाठीवर दुसरे काम बसवून द्यायचे, म्हणजे आठवण ठेवावी लागत नाही. मानसशास्त्रज्ञ आज जी युक्ती सांगतात, ती ह्या निरक्षर शेतकरी बाईने आधीच साधली होती.

परंतु बहिणाबाईंच्या कथेचा दुसराही भाग आहे. त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, आणि एका मावसभावाने वेळोवेळी टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने बाहेर आली. घरात टिपून ठेवणारे कोणी नसते, तर? ते सारे धन जात्याच्या घरघरीत विरून गेले असते. तुम्हांला तर स्वतःला लिहिता येते. मग सुचलेली ओळ त्याच दिवशी कागदावर उतरवण्याचा आळस का करावा? “नंतर लिहीन” ह्या दोन शब्दांनी जितकी कविता मारली आहे, तितकी कोणत्याही टीकाकाराने मारली नसेल.

आता थोडे शास्त्राविषयी. “एकवीस दिवस एखादी गोष्ट केली की सवय लागते,” असे तुम्ही मोबाइलवर पुष्कळदा ऐकले असेल. ह्या आकड्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची रोग्याला सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. त्यातला ‘निदान’ हा शब्द पुढे गळून पडला आणि चेहऱ्याचा आकडा सर्व सवयींना लागू झाला. प्रत्यक्ष अभ्यास केला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी ९६ माणसांना प्रत्येकी एक साधी नवी गोष्ट रोज करायला सांगून बारा आठवडे नोंदी ठेवल्या. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. पण कोणाला १८ दिवस पुरतील असे निघाले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. काम जितके सोपे, तितकी सवय लवकर.

ह्यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली ही की, तीन आठवड्यांत सवय लागली नाही म्हणून “आपल्यात काही कमी आहे” असे समजू नका. दोन-अडीच महिने द्या, जास्तही द्या. दुसरी गोष्ट आणखी धीर देणारी आहे. एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या क्रियेवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, असेही त्या अभ्यासात आढळले. मघाशी मी समेविषयी बोललो ते आठवा. लहरी स्वभावाच्या मुलांचे नुकसान दिवस चुकल्याने होत नाही. चुकलेल्या दिवसाचा शोक करीत बसल्याने होते. सोमवार चुकला की ती म्हणतात, आता आठवडाच गेला. आठवडा गेला की महिना गेला. असा हिशेब करू नका. सोमवार चुकला तर मंगळवारी बसा.

मग प्रत्यक्ष करायचे काय? देऊळघाटला राहणाऱ्या, कदाचित बुलढाण्याला शिकायला जाणाऱ्या, घरी शेतीचे काम असणाऱ्या विद्यार्थ्याला झेपेल असेच सांगतो.

पहिली गोष्ट, काळ आणि जागा ठरवा. “रोज थोडे लिहीन” हा संकल्प कच्चा होय. “फजरची नमाज झाली की, चहाच्या आधी, खिडकीपाशी बसून लिहीन” हा पक्का. आपल्या घरांतून दिवसाचे पाच भाग आधीच पडलेले आहेत. अजान वेळेवर होते. घड्याळ विकत आणावे लागत नाही. ह्या पाचांपैकी कोणत्या वेळेच्या मागे तुमचे काम सहज बसते, ते पाहा. कोणाला फजरनंतरची शांतता मानवेल, कोणाला इशानंतरची. दोन्ही चालतील. रोज बदलणे मात्र चालणार नाही.

दुसरी गोष्ट, माप लहान ठेवा. दहा मिनिटे. एक चित्र नव्हे, एका हाताचे रेखाटन. एक गझल नव्हे, एक मिसरा. मोकळ्या स्वभावाच्या माणसाला उत्साहाच्या भरात मोठे माप घ्यावेसे वाटते. पहिल्या दिवशी चार तास बसतो आणि पाचव्या दिवशी वही सापडत नाही. दहा मिनिटांनंतर मन रमले तर तासभर बसा, कोणी अडवलेले नाही. न रमले तर उठा. तुमचा नेम पुरा झाला. त्या दहा मिनिटांत जे उतरेल ते चांगले असलेच पाहिजे, असाही हट्ट नको. गवळ्याने रोज धार काढली नाही, तर म्हैस आटते. पहिल्या चार चिळकांड्या कशा येतात, ह्याची तो चिंता करीत नाही.

तिसरी गोष्ट, उद्याची सुरुवात आज करून ठेवा. अर्नेस्ट हेमिंग्वे हा अमेरिकन कादंबरीकार, पुढे काय लिहायचे हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचे लेखन थांबवीत असे. विहीर पूर्ण उपसायची नाही, थोडे पाणी ठेवायचे. तुम्हीही वही मिटताना पुढची अर्धी ओळ लिहून ठेवा. सकाळी कोऱ्या कागदाची भीती वाटणार नाही.

चौथी गोष्ट, हंगाम ओळखा. शहरातील लेखकांनी लिहिलेल्या उपदेशात ही गोष्ट नसते. जूनमध्ये पेरणी, पुढे निंदणी, मग सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी. त्या दिवसांत घरातील प्रत्येक हात शेतात लागतो. रमजानमध्ये झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा बदलतात. परीक्षेचा महिना वेगळाच. अशा वेळी नेम मोडू नका, तो आखडता घ्या. दहा मिनिटांची दोन करा. खिशात कागदाचा एक तुकडा आणि पेन्सिल ठेवा, बांधावर बसून दोन शब्द टिपा. हंगाम सरला की पुन्हा दहा मिनिटांवर या.

नेम आखडता घेणे म्हणजे काय, याचे मोठे उदाहरण नगीब महफूज यांचे आहे. कैरोत १९११ मध्ये जन्मलेल्या ह्या अरबी कादंबरीकाराने १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत सरकारी नोकरी केली आणि नोकरी सांभाळून ठरल्या वेळी लेखन केले. कैरोच्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांवरची त्यांची कादंबरीत्रयी १९५६-५७ मध्ये निघाली. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९४ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी जवळ आलेल्या ह्या वृद्धाच्या मानेवर एका माथेफिरूने सुरा चालवला. जीव वाचला, पण उजव्या हाताच्या नसांना इजा झाली. ज्या हाताने हजारो पाने लिहिली, त्याला थोडे लिहिणेही कठीण झाले. तेव्हा त्यांनी काय केले? लेखन सोडले नाही, लेखन लहान केले. काही ओळींच्या, स्वप्नांसारख्या अगदी छोट्या कथा लिहिल्या. हात थरथरत असताना ज्याने वही सोडली नाही, त्याच्यापुढे आपली पेरणी आणि परीक्षा किती मोठी?

पाचवी गोष्ट मोबाइलची. मी त्याला शिव्या देणार नाही. त्यात शब्दकोश आहे, गाणी आहेत, जगातील चित्रसंग्रहालये आहेत. पण त्या ठरलेल्या दहा मिनिटांत तो दुसऱ्या खोलीत असू द्या. सुचण्यासाठी मनाला जो थोडा कंटाळा लागतो, तो मोबाइल येऊ देत नाही. विहिरीच्या काठावर, बसच्या खिडकीशी, गुरांमागे फिरताना जे मोकळे क्षण पूर्वी आपोआप मिळत, ते आता राखून ठेवावे लागतात. नेमाने काम करायचे तसेच नेमाने रिकामेही बसायचे. स्वच्छंदी माणसाची तीही गरज आहे, ती आळस नव्हे.

पालकांना आणि शिक्षकांना दोन शब्द सांगतो. इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलोप हा टपाल खात्यात अधिकारी होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द ह्या मापाने तो तीन तास लिही आणि मग कचेरीत जाई. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. हा हिशेब त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली छापलेल्या आत्मचरित्रातून लोकांना कळला, तेव्हा काहींनी नाक मुरडले. घड्याळ लावून कोठे कला होते का, म्हणून! ते टीकाकार आज कोणाला आठवत नाहीत. कादंबऱ्या मात्र वाचल्या जातात. पण मला सांगायचे ते निराळेच आहे. ट्रोलोपचा एक म्हातारा नोकर होता. पहाटे कॉफी घेऊन धन्याला उठवायचे, एवढ्या कामासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळत. आपल्या यशाचे इतके ऋण दुसऱ्या कोणाचे नाही, असे ट्रोलोपने त्या आत्मचरित्रात मान्य केले आहे.

म्हणजे पाहा, नेम एकट्याचा नसतो. कोणीतरी उठवणारा लागतो. आपल्या घरी पाच पौंडांचा नोकर नाही, पण अम्मी आहे, अब्बा आहेत, मोठा भाई आहे, आपा आहे. तुमच्या मुलीला दहा मिनिटे कोणी हाक मारणार नाही असा एक कोपरा तुम्ही देऊ शकता. त्याला पैसा लागत नाही. “चित्रे काढून पोट भरते का?” हा प्रश्न विचारण्याआधी तिची वही एकदा उघडून पाहा. पोट भरण्याची विद्या तिने शिकलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. वकिली करणारा कवी आणि नोकरी करणारा कादंबरीकार मी ह्यासाठीच तुमच्यापुढे उभे केले. पोटाचा उद्योग आणि मनाचा उद्योग एका घरात नांदू शकतात. फक्त दुसऱ्यासाठी थोडी जागा राखावी लागते.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती आहे. लहरी मुलाला वर्गात उभे करून त्याच्या शेवटच्या पानाची थट्टा करू नका. त्याला सांगा, “हे शेवटचे पान बंद कर आणि ह्यासाठी वेगळी वही घाल. दर शनिवारी मला दाखव.” शनिवारी ती वही मागायला मात्र विसरू नका. तुम्ही सलग चार शनिवार मागितलीत, तर पाचव्या शनिवारी तो आपण होऊन आणील.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे माझे एवढेच मागणे आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत काही पाने ह्या वह्यांसाठी मोकळी ठेवा. स्पर्धा नको, पहिला-दुसरा क्रमांक नको. ज्याने वर्षभर वही चालवली, त्याचे एक चित्र, एक कविता, सुंदर अक्षरातील एक ओळ छापा. मराठीत असो की उर्दूत. जी मुले आज मागच्या रांगेत बसून माझ्या भाषणाऐवजी माझे चित्र काढीत आहेत, त्यांनीही ते चित्र जपून ठेवावे. त्या नव्या वहीचे पहिले पान म्हणून ते चालेल. उद्या सकाळी दुसरे काढा.